पहिली ओळख आणि नंतरची खात्री

बुऱ्हाणपूरहून खांडव्याच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर असीरगड येतो. खानदेशातून, निमाडातून किल्ला पाहायला येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर एक गोष्ट पडतेच: गडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे येऊन फुले वाहून जातो, आणि अंधार पडायच्या सुमारास कुणाला तरी भेटून कपाळावरच्या जखमेसाठी तेल-हळद मागतो. त्याला पाहिल्याचे सांगणारी माणसे या भागात पिढ्यानपिढ्या भेटत आली आहेत. ती थापा मारतात असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण बरोबर नाही. त्यांनी काहीतरी पाहिलेले असते. झाडीतून जाणारा उंच माणूस, कपाळाला बांधलेले फडके, पाठमोरी आकृती असे काही. प्रकाश कमी, अंतर जास्त, वेळ काही क्षणांची. डोळ्यांनी जे दिले नाही ते मन भरून काढते, आणि भरण्यासाठी लागणारा ऐवज लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत तयार असतो. म्हणून असीरगडावर दिसणाऱ्याच्या कपाळावर जखम असते आणि तो तेलच मागतो. गोष्टीबाहेरचे तो काहीच करत नाही. श्रद्धेच्या बाबतीत याने कुणाचे नुकसान होत नाही. पण मनाची हीच रीत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चालू राहते, आणि तिथे एखाद्याचे आयुष्य तिच्यावर तोललेले असते.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे प्रथम नीट मांडले. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली. जे तपशील त्यांच्या जगात बसत नव्हते ते गळाले किंवा बदलले. कथेतल्या कॅनूंच्या साध्या नावा झाल्या, भुतांचे संदर्भ विरले, आणि कथा हळूहळू इंग्रजी वळणाची झाली. कुणी जाणूनबुजून फेरफार केला नव्हता. आठवण म्हणजे साठवलेली वस्तू जशीच्या तशी बाहेर काढणे नव्हे, दर वेळी ती नव्याने रचणे असते, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. या रचनेत पूर्वग्रह कसा शिरतो हे गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये दाखवले. त्यांच्या चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा माणूस हातात वस्तरा घेऊन एका कृष्णवर्णीयाशी वाद घालताना दिसत होता. ज्याने चित्र पाहिले त्याने दुसऱ्याला वर्णन सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी चालली. निम्म्याहून अधिक साखळ्यांत कुठल्या तरी कडीवर वस्तरा गोऱ्याच्या हातातून कृष्णवर्णीयाच्या हातात गेला. ‘असल्या माणसाच्याच हातात हत्यार असणार’ हे आधीच ठरलेले होते, आणि आठवणीने ते निमूटपणे पूर्ण केले.

आपल्याकडे ‘असली माणसे’ कोण, हे शोधायला लांब जावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला, पण पोलीस ठाण्यातल्या आणि गावकीच्या मनातल्या यादीतून त्यांची नावे गेली नाहीत. महाराष्ट्रातला एक खटला या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचला जायला हवा. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. एकाच कुटुंबातले पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. आई आणि मुलगा जखमी होऊन वाचले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांवर खटला चालला. त्यांच्याविरुद्धचा मुख्य आधार म्हणजे वाचलेल्या या दोघांनी पटवलेली ओळख. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. पुढे त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही निष्पन्न झाले. तीन न्यायालयांतून तावून सुलाखून निघालेला हा निकाल ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच पुनर्विचारात रद्द केला. अंकुश मारुती शिंदे आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र सरकार या नावाने तो नोंदला गेला आहे. न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोपर्यंत आयुष्याची सोळाएक वर्षे तुरुंगात गेली होती.

निकाल उलटला तो एका कागदामुळे. घटनेनंतर काही दिवसांतच वाचलेल्या आईला पोलिसांनी नामचीन गुन्हेगारांची छायाचित्रे दाखवली होती, आणि त्यांतून तिने चार जणांना ओळखले होते. ते चारही जण या सहांपैकी नव्हते. ही ओळख नोंदली गेली, पण खटल्यात पुढे आणली गेली नाही. त्या चौघांचा तपासही झाला नाही. पुढे हेच साक्षीदार समोर उभ्या केलेल्या आरोपींना ओळखू लागले आणि न्यायालयांनी त्यावर विश्वास ठेवला. इथे खोटे कोण बोलले? पोलिसांनी कागद दडवला, हे उघड आहे. पण त्या आईने न्यायालयात खोटी शपथ घेतली असे मानायला कसलाही आधार नाही. जिचे घरदार एका रात्रीत उद्ध्वस्त झाले ती मुद्दाम भलत्याच माणसांकडे बोट का दाखवेल? तिला खरोखर तेच चेहरे आठवत असणार. आपली सगळी न्यायव्यवस्था खोटे पकडण्यासाठी उभी आहे. शपथ, उलटतपासणी, खोटी साक्ष दिल्याची शिक्षा, सारे त्यासाठीच. मनापासून चुकणाऱ्या साक्षीदारापुढे ही सगळी हत्यारे बोथट ठरतात, कारण तो कितीही उलटसुलट प्रश्नांना ठामपणे तोंड देतो. त्याच्या डोळ्यांत पाणी असते, आवाज कापत असतो, आणि ते सगळे खरे असते.

अशी आठवण बनते कशी, हे आता बरेच उलगडले आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. जगले-वाचले तर याला ओळखता यावे म्हणून अत्याचार होत असतानाही तिने त्या माणसाचा चेहरा निरखून पाहिला होता. पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून तिने रोनाल्ड कॉटन याला निवडले. नंतरच्या ओळख परेडमध्येही त्यालाच निवडले, आणि छायाचित्रातलाही हाच होता असे तिला सांगण्यात आले. इथून तिची खात्री पक्की झाली. पुढे खरा गुन्हेगार बॉबी पूल न्यायालयात तिच्यासमोर आणला गेला, तेव्हा याला आपण कधी पाहिलेच नाही असे तिने सांगितले. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने कॉटन सुटला आणि पूल दोषी ठरला. ज्या चेहऱ्याने तिच्यावर अत्याचार केला तो चेहरा तिच्या आठवणीतून निघून गेला होता आणि त्याच्या जागी छायाचित्रातला चेहरा येऊन बसला होता. पहिल्यांदा ‘हा वाटतो’ म्हणून केलेली निवड दुसऱ्यांदा ओळखीची वाटते, कारण ती खरोखरच ओळखीची झालेली असते. मात्र ती ओळख घटनेच्या जागी झालेली नसते, पोलीस ठाण्यात झालेली असते. मन हा फरक करत नाही. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग केला. खरा गुन्हेगार नसलेल्या छायाचित्रांतून लोकांनी कुणाला तरी निवडल्यावर काहींना एवढेच सांगितले की, छान, तुम्ही संशयितालाच ओळखलेत. तेवढ्यावर त्या लोकांना आपली खात्री मुळातच अधिक होती असे वाटू लागले. इतकेच नाही, तर आपण चेहरा अधिक नीट पाहिला होता, अधिक लक्ष दिले होते असेही ते सांगू लागले. एका वाक्याने मागची सगळी आठवण रंगवून टाकली. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष सुटलेल्या शेकडो लोकांच्या खटल्यांत दोन तृतीयांशांहून अधिक ठिकाणी चुकीची ओळख हे एक कारण होते, हे मग आश्चर्याचे वाटत नाही.

प्रश्न विचारण्याच्या शब्दांतूनही हेच घडते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिती दाखवल्या. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असे विचारले, तर सरासरी उत्तर ताशी ४१ मैलांच्या आसपास आले. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ असा शब्द वापरला, तर ३२ च्या आसपास. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले की काच फुटलेली दिसली का. काच फुटलीच नव्हती. पण ‘आदळल्या’ ऐकलेल्यांपैकी ३२ टक्के लोकांनी होय म्हटले, सौम्य शब्द ऐकलेल्यांपैकी १४ टक्क्यांनी. आता हे बुऱ्हाणपूरसारख्या शहरात ठेवून पाहावे. इथे घरात मराठी किंवा उर्दू, बाजारात हिंदी, आसपासच्या खेड्यांत निमाडी, खानदेशी आणि डोंगराकडे आदिवासी बोली. पॉवरलूमवर काम करणारा माणूस जे पाहतो ते स्वतःच्या बोलीत सांगतो, आणि पोलीस ठाण्यातला हवालदार ते सरकारी हिंदीत, ठरलेल्या साच्याच्या वाक्यांत उतरवतो. ‘ढकलाढकली झाली’ याचे कागदावर ‘जिवे मारण्याच्या हेतूने हल्ला’ व्हायला वेळ लागत नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. त्यामागचा हेतू चांगला आहे, पोलिसांनी दबाव आणून वदवून घेऊ नये हा. पण त्याचा परिणाम असा की आपल्या नावावर नेमके काय लिहिले गेले हे अनेकांना वर्षांनंतर न्यायालयातच कळते. आणि साक्षीच्या आदल्या दिवशी तोच कागद वाचून दाखवला जातो, तेव्हा साक्षीदाराला आठवतो तो प्रसंग की तो कागद, हे सांगणे त्यालाही अवघड असते.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्याच मोहद गावचे प्रकरण इथे वेगळे काढून ठेवले पाहिजे. १८ जून २०१७ रोजी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून हरला. पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केल्याच्या, घोषणा दिल्याच्या आरोपावरून गावातल्या मुसलमान तरुणांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. काही दिवसांतच ते कलम मागे घेऊन दोन समाजांत तेढ वाढवण्याचे कलम लावले गेले. ज्याच्या नावाने तक्रार नोंदली होती त्यानेच आपण अशी तक्रार केली नसल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि २०२३ मध्ये बुऱ्हाणपूरच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. ही स्मृतीची चूक नव्हे. साक्षीदार म्हणतो मी पाहिले नाही, मी सांगितले नाही. कागद म्हणतो सांगितले. असा खोटेपणा, उशिरा का होईना, उघडा पडू शकतो, कारण साक्षीदाराला स्वतःला सत्य माहीत असते. नाशिकच्या खटल्यात तो आधारही नव्हता. तिथे साक्षीदाराच्या मनातच सत्याची जागा दुसऱ्याने घेतली होती, आणि म्हणून सोळा वर्षे लागली. दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट मात्र सारखी आहे: आरोपी कोण असणार याची अटकळ पुरावा गोळा होण्याआधीच बांधली गेली होती. तपास करणाऱ्याचे मनही याच आडवाटा घेते. एकदा संशयित ठरला की त्याच्याकडे बोट दाखवणारी गोष्ट ठळक दिसते, आणि चार भलत्याच माणसांची नावे सांगणारा कागद निरुपयोगी वाटू लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे प्रयोगशाळेतले. फीत पाहणारा विद्यार्थी आणि डोळ्यांदेखत खून पाहिलेला माणूस यांची तुलना कशी होईल? भयंकर प्रसंग तर मनावर कोरला जातो. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे. जॉन यूल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी १९८६ मध्ये कॅनडातल्या एका खऱ्या गोळीबाराच्या तेरा साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी भेटून विचारले, तेव्हा त्यांचे वर्णन बऱ्याच अंशी अचूक निघाले. दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांनीही ते सहसा बधले नाहीत. पण त्या प्रकरणात दरोडेखोर जागीच मारला गेला होता. कुणाही साक्षीदाराला रांगेतल्या अनोळखी चेहऱ्यांतून गुन्हेगार निवडायचा नव्हता. काय घडले हे भीतीत लक्षात राहू शकते. कोणी केले, तो अनोळखी चेहरा, ही वेगळी गोष्ट आहे. चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकन लष्कराच्या खडतर प्रशिक्षणातल्या पाचशेहून अधिक जवानांचा अभ्यास केला. युद्धकैद्यासारखी धाकाची चौकशी समोरासमोर सोसलेल्या जवानांना दुसऱ्या दिवशी चौकशी करणारा ओळखायला सांगितला, तर रांगेतून त्याला अचूक ओळखणाऱ्यांचे प्रमाण सौम्य चौकशीतल्या जवानांच्या निम्म्याच्या आसपास आले. हे धडधाकट, प्रशिक्षित लोक होते आणि चेहरा बराच वेळ समोर होता. काळोख्या रात्री, कोयता रोखलेला असताना काही मिनिटे पाहिलेल्या चेहऱ्याबद्दल यापेक्षा अधिक अपेक्षा कशी करावी? अशा वेळी नजर हत्यारावर खिळते, चेहऱ्यावर नाही, हेही प्रयोगांनी दाखवले आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. साक्षीदाराच्या स्मृतीवर असा संशय घेतला, तर बचावाच्या वकिलाला आयते कोलीत मिळेल. आधीच अत्याचार झालेल्या बाईला ‘तुला नीट आठवत नाही’ म्हणून हैराण केले जाते, दलित साक्षीदाराला खोटे ठरवले जाते. आता विज्ञानाच्या नावाने तेच होणार का? म्हणूनच या शास्त्राची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बायकांवरच्या बहुसंख्य अत्याचारांत आरोपी ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, मालक. रोज दिसणाऱ्या माणसाला ओळखण्यात हा धोका जवळपास नसतो. घटना घडली की नाही, यावरही हे शास्त्र संशय घ्यायला सांगत नाही. ते बोट ठेवते ते अनोळखी चेहऱ्याच्या ओळखीवर, तीही पोलिसांच्या हातून गेल्यावर. नाशिकच्या त्या आईवर काय ओढवले याबद्दल कोणत्याही न्यायालयाने कधी शंका घेतली नाही. तिच्यावरचा खरा अन्याय हा की तिने प्रथम दाखवलेल्या चौघांकडे कुणी वळूनही पाहिले नाही. तिची पहिली आठवण जपली असती तर तिला न्याय मिळण्याची शक्यता अधिक होती. निर्दोष माणूस आत गेला की गुन्हेगार बाहेर राहतो. पीडिताची बाजू आणि निर्दोष आरोपीची बाजू इथे एकमेकींच्या विरोधात नाहीत.

न्यायाधीशांना हे ठाऊक नाही असे नाही. १९८३ साली भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ शब्दांत म्हटले की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा करता येत नाही आणि घटना मनाच्या पडद्यावर ध्वनिचित्रफितीसारखी पुन्हा उलगडत नाही. हे वचन आजही शेकडो निकालांत येते. पण कशासाठी येते ते पाहावे: साक्षीतल्या लहानसहान विसंगती माफ करण्यासाठी. ते योग्यच आहे. मात्र स्मृती फितीसारखी नाही हे एकदा मान्य केले, तर ते दोन्हीकडे लागू व्हायला हवे. वार डावीकडून झाला की उजवीकडून हे विसरणे क्षम्य ठरत असेल, तर ‘हाच तो’ या छातीठोक खात्रीकडेही तितक्याच सावधपणे पाहायला हवे. प्रत्यक्षात कायद्याचा कल उलट आहे. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या मलखानसिंग खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने जुने तत्त्व पुन्हा सांगितले: खरा पुरावा म्हणजे न्यायालयात केलेली ओळख, ओळख परेड केवळ तिला बळकटी देणारी. आता न्यायालयातल्या ओळखीचा विचार करा. घटनेला वर्षे उलटलेली, आरोपीच्या जागी आरोपी उभा, दोन्ही बाजूंना पोलीस. यापेक्षा अधिक सूचक ओळख परेड कल्पनेतही आणता येणार नाही. सर्वांत शेवटची आणि सर्वांत दूषित ओळख आपण सर्वांत वरच्या पायरीवर बसवली आहे.

खात्रीला काहीच किंमत नाही, असाही याचा अर्थ नव्हे. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये मांडले की ओळख पहिल्यांदा पटवली जाते त्या क्षणी, पद्धत निर्दोष असेल, तर साक्षीदाराची खात्री अचूकतेचा चांगला निदर्शक असते. त्या क्षणी तो ‘बहुतेक हा असावा’ म्हणाला तर तेवढाच भरवसा ठेवावा, पुढे तो कितीही ठाम झाला तरी. म्हणून पहिली ओळख जशी झाली तशी टिकवणे हाच उपाय. रांगेत संशयित कोण हे परेड घेणाऱ्यालाच ठाऊक नसावे; गुन्हेगार यांत नसूही शकेल हे साक्षीदाराला आधी सांगावे; त्याचे शब्द त्याच्याच बोलीत नोंदवावेत. आपल्याकडे परेड दंडाधिकारी घेतो, पोलीस दूर असतात, आणि उत्तर भारतात आरोपीला ‘बापर्दा’, म्हणजे तोंड झाकून न्यायची रीत आहे. ही शहाणीच व्यवस्था आहे. पण अटकेच्या दिवशीच फोटो मोबाईलवर फिरत असेल तर तोंडावरचा कपडा काय कामाचा? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. चाकू कुठून निघाला, नोटा किती होत्या, हे आता फितीवर असते. साक्षीदाराच्या जबाबाचे चित्रीकरण मात्र त्याच संहितेत ऐच्छिक ठेवले आहे, आणि ओळख पटवण्याच्या प्रक्रियेचे चित्रीकरण फक्त ओळखणारी व्यक्ती अपंग असेल तेव्हाच आवश्यक केले आहे. चाकू पेटीत बंद करून ठेवला तर तो वर्षभराने तसाच निघतो. आठवण तशी राहत नाही, आणि जी वस्तू बदलते तिचीच पहिली नोंद घ्यायचे आपण अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले आहे. संहितेच्या जबाबाच्या कलमात ‘करता येईल’ या जागी ‘करावे लागेल’ एवढा बदल पुरेसा आहे. चित्रीकरणासाठी लागणारा मोबाईल जप्तीच्या कामासाठी ठाण्यात आधीच लागतो.